तळ्याकाठची सायकल आणि रस्त्यावरचा माणूस

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी पवई तलावाच्या काठी होऊ घातलेला सायकलस्वारीचा आणि धावण्याचा मार्ग बेकायदेशीर ठरविला. पात्रात केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करावी, असा आदेश महानगरपालिकेला दिला. पवईच्याच आयआयटीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नावर न्यायालयाचे दार ठोठावले होते. निसर्गप्रेमींना या निकालाने समाधान वाटले, हौशी सायकलस्वारांपैकी काहींना हळहळ वाटली, आणि हा सारा वाद सायकल विरुद्ध मगर असा होता, अशी एक समजूत सुशिक्षित समाजात रूढ होऊन बसली. ही समजूत खोटी आहे, आणि ती आपल्या चळवळीच्या दृष्टीने घातकही आहे. पवईला सायकलीचा पराभव झाला नाही. सायकलीच्या नावाने चाललेला एक विशिष्ट वर्गाचा कार्यक्रम तेथे अडला, इतकेच. सायकलीचा खरा प्रश्न तलावापासून हाकेच्या अंतरावर, भर रस्त्यात पडून आहे. त्याला अद्याप कोणी हात घातलेला नाही.

प्रथम प्रकल्पाचे स्वरूप पाहू. तलावाभोवती सुमारे १० किलोमीटरचा मार्ग, आणि त्याच्या आधारासाठी पात्राच्या कडेला तारेच्या जाळ्यांत भरलेले दगड. हे बांधकाम पाणी झिरपू देणारे आहे, म्हणून त्याला भराव म्हणता येणार नाही, असा प्रशासनाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. देशातील दोन लाखांहून अधिक पाणथळ जागांना २०१० च्या नियमांचे संरक्षण लागू राहील, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ सालचा आदेश होताच. पवई तलाव १८९१ च्या सुमारास मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. पुढे त्याचे पाणी पिण्याजोगे न राहिल्याने ते उद्योगांसाठी वापरले जाऊ लागले. या तलावाचा खरा आजार म्हणजे त्यात येणारे सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी. रोग्याला औषध देण्याऐवजी त्याच्या गळ्यात हार घालावा, तसा हा सायकलमार्गाचा बेत होता.

तलाव म्हणजे केवळ देखावा नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पवई आणि विहार भरून वाहू लागले की ते पाणी मिठी नदीत उतरते आणि कुर्ल्याच्या, सांताक्रूझच्या सखल वस्त्यांपाशी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा मिठीकाठच्या झोपड्यांनी काय भोगले हे मुंबईच्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. तलावाची एकेक वीत जागा व्यापणाऱ्या शहाणपणाची किंमत तलावाकाठी फिरावयास येणारा मोजत नाही. ती खाली, नदीकाठी राहणारा मोजतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिव्यय म्हणतात. सोप्या मराठीत सांगावयाचे तर, जेवण एकाचे आणि बिल दुसऱ्याच्या नावावर.

आता असे विचारले जाईल की, नागरिकांनी सकाळी सायकलवर बसून हिरवळीत जाऊच नये काय? अवश्य जावे. आणि त्यासाठी तलावात दगड टाकण्याची गरजच नव्हती, हा माझा मुद्दा आहे. पवई तलावाच्या काठाने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जातो. त्याने पश्चिमेस निघून आरे वसाहतीत वळले की झाडी सुरू होते, चढउतार लागतात. पुढे छोटा काश्मीरची बाग येते, गोरेगावचा नाका येतो, आणि तेथून द्रुतगती महामार्गाने जोगेश्वरीला येऊन त्याच जोडरस्त्याने पुन्हा तलावाशी पोहोचता येते. तलावापासून डोंगरातल्या रानात आणि रानातून पुन्हा तलावाशी अशी ही फेरी मुंबईसारख्या शहराला निसर्गाने आणि इतिहासाने फुकट दिलेली आहे. पहाटे अनेक सायकलस्वार आरेतून जातातही. परंतु या फेरीच्या दोन टोकांना काय आहे? जोडरस्त्यावर आणि महामार्गावर सायकलस्वाराने डंपर आणि मोटारी यांच्या कृपेवर जगावयाचे. आरेचा रस्ता म्हणजे पूर्व आणि पश्चिम उपनगरांमधली मोटारींची आडवाट. पहाट सरली की सायकलीची सद्दी संपते. नवा मार्ग बांधण्याऐवजी हा जुना मार्ग माणसांच्या स्वाधीन करणे अधिक स्वस्त आणि अधिक न्याय्य ठरले असते. पण त्यासाठी मोटारीला मागे सारावे लागते, आणि येथेच आमच्या नगरपित्यांचे व प्रशासकांचे पाय लटपटतात. तलाव बोलत नाही. मोटारवाला बोलतो.

त्या जोडरस्त्यावर सायकल चालविणारा माणूस कोण असतो, हे कार्यकर्त्यांनी एकदा थांबून पाहावे. पहाटे पावाची टोपली बांधून निघालेला पाववाला, वर्तमानपत्रे टाकणारा पोरगा, दुधाच्या पिशव्या लटकावलेला भय्या, रात्रपाळी संपवून टोलेजंग इमारतीतून चाळीकडे परतणारा पहारेकरी, मागच्या कॅरिअरवर किटली बांधून चहा विकणारा, डबे घेऊन स्टेशन गाठणारा डबेवाला. यांच्यापैकी एकाच्याही डोक्यावर शिरस्त्राण नसते, अंगात चकचकीत रंगीत बनियन नसते, आणि यांपैकी एकालाही सायकलमार्गाच्या आराखड्यात जागा नसते. पवईच्या मार्गाने तो कोठेही पोहोचणार नव्हता. कारण तो मार्ग तलावाभोवती फिरून जेथून निघाला तेथेच येणार होता. श्रमिकाला गोल फिरावयाचे नसते. त्याला घरून कामावर आणि कामावरून घरी जावयाचे असते. सायकलमार्ग कोणासाठी आहे हे ओळखण्याची सोपी कसोटी हीच, की तो कोठे पोहोचवितो ते पाहावे.

हा वर्ग मूठभर आहे असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार होती अवघ्या ४.७ टक्के कुटुंबांकडे. शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने आणि सुमारे २३ टक्के पायी कामावर जात होते. मोटारीने जाणारे तीन टक्क्यांहून कमी. त्यानंतरची जनगणना लांबत गेली, मोटारी आणि फटफट्या वाढल्या, हे खरे. मुंबईत तर लोकलगाडी व बस यांच्यामुळे सायकलीचा वाटा पूर्वीपासूनच लहान आहे. तथापि चालणारे आणि सायकलने जाणारे मिळून मोटारवाल्यांहून कितीतरी अधिक असताना रस्त्याची रुंदी मात्र मोटारीच्या मापाने ठरते, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. वाहने हलविणे हे उद्दिष्ट नसून माणसे हलविणे हे उद्दिष्ट आहे, असे त्यात मान्य केलेले होते. धोरण कागदावर राहिले, आणि अंदाजपत्रक मोटारीच्या खिडकीतून लिहिले गेले.

करांच्या बाबतीत काय घडले तेही पाहण्याजोगे आहे. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तेव्हा सायकलीवर १२ टक्के कर बसला. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या मोटारीवरचा कर ५ टक्क्यांवर आणला गेला. म्हणजे पुढली सहा वर्षे पाववाल्याच्या सायकलीवर १२ टक्के आणि श्रीमंताच्या विजेच्या मोटारीवर ५ टक्के असा न्याय या देशात चालू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा करही ५ टक्के झाला, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु जी विसंगती सहा वर्षे कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही, ती राज्यकर्त्यांच्या नजरेत सायकलीचे स्थान काय आहे ते सांगून जाते. आपल्याकडील नगरपालिका एके काळी सायकलीवर कर घेऊन तिला बिल्ला लावीत, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट नेले तर पोलीस दंड करीत. त्या दंडेलीला शासनाची ओळख तरी म्हणता येईल. आज शासनाच्या दृष्टीने सायकल एक तर अस्तित्वातच नाही, किंवा मग ती रविवारची मौज आहे.

मुंबईच्या नव्या रस्त्यांकडे नजर टाकली म्हणजे हे धोरण अधिक उघडे पडते. सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून बांधलेला सागरी किनारा रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर दुचाकी, रिक्षा, सायकल आणि पादचारी यांना मज्जाव आहे. त्याच भरावावर समुद्राकाठी फिरण्यासाठी विहारपथ मात्र आहे. कामावर जाणाऱ्या सायकलीला मुख्य रस्त्यावर बंदी, आणि हवा खावयास आलेल्यासाठी बाजूला सोय, असे हे तत्त्वज्ञान आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सायकलमार्गिका बांधल्या होत्या. त्या कोठून आल्या आणि कोठे गेल्या हे कोणाला कळले नाही. त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या. अखेर २०२५ मध्ये त्या मार्गिका काढून मोटारींना जागा देण्याचे ठरले. आधी निरुपयोगी मार्ग बांधावयाचा, मग तो निरुपयोगी आहे असे सिद्ध करावयाचे आणि शेवटी जागा मोटारीला द्यावयाची, हा खेळ आता आपल्या चांगला परिचयाचा झाला आहे.

याहून वेदनादायक उदाहरण तानसा जलवाहिनीचे आहे. शहराला पाणी देणाऱ्या जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची दहा मीटर जागा सुरक्षिततेसाठी मोकळी करावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. त्यानुसार वस्त्या हटविल्या गेल्या. हटविलेल्यांपैकी हजारो माणसे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, नेऊन टाकण्यात आली. माहुल परिसरातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच नमूद केले होते. तरीही माणसे तेथे पाठविली गेली. आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर काय होणार होते? मुलुंडपासून शीवपर्यंत ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग. वस्त्या सायकलमार्गासाठी हटविल्या असे मी म्हणत नाही; आदेशाचे कारण जलवाहिनीची सुरक्षितता हेच होते. परंतु ज्या जमिनीवर गरीब माणूस राहणे धोक्याचे ठरले, त्याच जमिनीवर सुखवस्तू माणूस सायकल फिरविणे हा तिचा सर्वोत्तम उपयोग ठरावा, यातील वर्गदृष्टी लपत नाही. माहुलच्या रहिवाशांनी दीर्घ लढा दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना पर्यायी घरे मिळेपर्यंत महिना १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. हा विजय कोणाच्या कृपेने मिळाला नाही. रस्त्यावर बसलेल्या बायकामाणसांनी तो मिळविला.

पवईच्या फेरीचे दुसरे टोक म्हणजे आरे, आणि तेथील कथाही याच जातीची आहे. १९४९ साली शहरातील गोठे हलविण्यासाठी ही दुग्धवसाहत उभी राहिली. तिची जमीन सुमारे १,२८७ हेक्टर. या जमिनीवर वारली, कोकणा, मल्हार कोळी आदी आदिवासींचे २७ पाडे आहेत. वसाहतीच्या आधीपासून ही माणसे तेथे राहत आली आहेत. १९७७ साली चित्रनगरी आली. राज्य राखीव पोलीस दल आले. पुढे मेट्रोची कारशेड आली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला थांबविण्यापूर्वी २,१४१ झाडे पडली होती. नंतरच्या राजवटीने कारशेड हलविण्याचा निर्णय घेतला, ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित केली. आणि त्याच राजवटीच्या काळात पवईच्या पात्रात दगड पडू लागले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत आली. आता गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी याच डोंगरांच्या पोटातून जुळे बोगदे नेण्याचे काम हाती घेतले आहे. पक्ष कोणताही असो, जमीन ही रिकामी वस्तू आहे आणि तिच्यावर राहणारा माणूस हा अडथळा आहे, याविषयी सर्वांचे एकमत दिसते. पहाटे पाड्याशेजारून सायकलवर जाणाऱ्याला रान दिसते. त्या रानात राहणाऱ्या बाईला दिवसाउजेडी पाणी आणि रात्री दिवा मिळतो की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात येत नाही. तो आणून देणे हे आपले काम आहे.

येथे एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. समाजवाद्यांना कष्टकऱ्यांचे श्रम दिसतात, आनंद दिसत नाही, अशी टीका आपल्यावर नेहमी होते. ती इतिहासाला धरून नाही. १८९४ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे समाजवादी कार्यकर्त्यांनी सायकल मंडळ काढले आणि ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाचे नाव त्याला दिले. सुटीच्या दिवशी ही मंडळी कारखान्यांच्या धुरातून बाहेर पडून खेड्यापाड्यांत जात, हवा खात आणि समाजवादाची पत्रके वाटीत. जर्मनीत १८९६ साली ‘सॉलिडॅरिटेट’ नावाचा कामगार सायकलपटूंचा संघ स्थापन झाला. १९३३ साली नाझींनी त्यावर बंदी घातली. हुकूमशहाला सायकलीची भीती वाटावी, यात नवल नाही. आपल्या पायांनी आपल्याला हवे तेथे जाणारा कामगार हा हुकूमशाहीच्या सोयीचा नसतो. आपल्या देशातही तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, आणि बिहारमध्ये २००६ पासून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्यावर माध्यमिक शाळेतील त्यांची नोंदणी सुमारे एकतृतीयांशाने वाढल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तेव्हा तळ्याकाठची हवा आणि डोंगरातली सावली कष्टकऱ्यालाही हवीच. पण ती मिळण्यासाठी त्याला लागतो रिकामा वेळ, परवडणारे घर आणि सुरक्षित रस्ता. बारा तास पाळी करणाऱ्या पहारेकऱ्याला तलावाभोवती मार्ग बांधून देणे म्हणजे उपाशी माणसाला पाकपुस्तक भेट देणे होय.

दुसरा आक्षेप व्यवहारवाद्यांचा. मुंबईत उकाडा, चार महिने पाऊस, रस्ते अरुंद. येथे सायकलीला जागा कोठून आणणार? रस्ते अरुंद आहेत हे खरे असेल, तर एका माणसाला वाहून नेणारी मोटार त्यावर सर्वांत आधी परवडेनाशी झाली पाहिजे. अरुंद घरात आपण आधी कपाट हलवितो, माणसाला बाहेर काढीत नाही. रस्त्यावरील प्रत्येक जादा गाडी इतरांचा वेळ खाते आणि तो खर्च गाडीवाला भरीत नाही, हे केंब्रिजच्या पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच मांडले होते; ते समजावयास समाजवादी असण्याचीही गरज नाही. शहरातील सर्वांत महाग जमिनीवर फुकट गाडी उभी करण्याची मुभा हे आजचे मोठे, अघोषित अनुदान आहे. गरिबाच्या रेशनवर तुटून पडणारे आमचे अर्थपंडित या अनुदानाबद्दल तोंड उघडीत नाहीत. हॉलंडचे नाव सगळे घेतात; पण हॉलंडही जन्मतः सायकलींचा देश म्हणून सुरक्षित नव्हता. १९७१ साली तेथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असे नाव घेऊन चळवळ उभी राहिली आणि मग रस्ते बदलले. तेथील सायकलमार्ग अभियंत्याच्या प्रतिभेतून आले नाहीत. ते आंदोलनातून आले.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी काय करावे? पवईच्या निकालावर संतोष मानून स्वस्थ बसणे हा पर्याय नव्हे. न्यायालय वाईट गोष्ट थांबवू शकते. चांगली गोष्ट उभी करणे हे राजकारणाचे काम आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर वर्षानुवर्षे मुंबईचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात प्रश्न विचारणारा नगरसेवकही उरला नव्हता. म्हणून मागण्या रस्त्यावरून उठल्या पाहिजेत आणि त्या नेमक्या असल्या पाहिजेत. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यासारख्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर, वस्तीपासून स्टेशनापर्यंत आणि कारखान्यापर्यंत, मोटारीपासून अलग केलेली सायकलची पट्टी व सलग पदपथ हवा. तो करण्यासाठी तलाव, खाडी वा वन यांची इंचभरही जागा न घेता मोटारीच्या जागेतूनच जागा काढली पाहिजे. प्रत्येक स्टेशनाबाहेर सायकल ठेवण्याची सुरक्षित व नि:शुल्क सोय हवी. आरेच्या रस्त्यावर आडवाटेने जाणाऱ्या मोटारींना आवर घालून पाड्यांची बस आणि पाड्यांच्या पाण्या-दिव्याची सोय यांना अग्रक्रम हवा. तेथील कोणताही निर्णय पाड्यांना विचारल्यावाचून होता कामा नये. पवई तलावाचे सांडपाणी थांबविण्याचा कालबद्ध कार्यक्रम लोकांपुढे मांडला जावा. आणि बेस्टची सार्वजनिक बससेवा वाढली पाहिजे, कारण जो सायकल चालवू शकत नाही, त्या वृद्ध आणि आजारी माणसाचा पाय बस हाच आहे.

या मागण्या सर्व मिळून सागरी रस्त्याच्या खर्चाच्या आसपासही जाणार नाहीत. त्यांच्या आड पैसा येत नाही. रस्ता ही कोणाची मालमत्ता आहे, हा प्रश्न त्यांच्या आड येतो. रस्ता मोटारीचा आहे आणि सायकल तेथे उपरी आहे, असे मानले की सायकलीला तलावात ढकलणे ओघानेच येते. रस्ता सर्वांचा आहे असे मानले, तर पवईहून आरेच्या डोंगराकडे जाणारी फेरी आजच खुली करता येईल. आणि त्या फेरीत रविवारी हौसेने निघालेला मध्यमवर्गीय आणि सोमवारी पहाटे पाव घेऊन निघालेला मजूर एकाच पट्टीवरून जातील. त्या हौशी सायकलस्वाराशी आपले वैर नाही. मोटारीच्या धक्क्याची भीती त्यालाही आहे, आणि नीट समजावून सांगितले तर तो आपल्या बाजूने उभा राहील. त्याला इतकेच विचारावे की, तळ्याकाठी स्वतःसाठी वेगळी पट्टी मागावयाची, की पाववाल्याबरोबर उभे राहून सर्वांसाठी रस्ता मागावयाचा. पहिल्या मागणीला प्रशासन लगेच होकार देईल. दुसऱ्या मागणीसाठी लढावे लागेल. आणि म्हणूनच ती आपली मागणी आहे.